देवाकडे उसना दिलेला घोडा

संग्रहालयात नोकरी करतो म्हटलं की आमच्या धानोऱ्याकडची माणसं आधी विचारायची, तिथे काम काय असतं? वस्तू तर जागच्या जागी ठेवलेल्या. त्या काही पळून जात नाहीत आणि चारापाणी मागत नाहीत. मी म्हणायचो, चारापाणी मागत नाहीत, पण स्वतः चारापाणी होतात. लाकडाला भुंगा खातो, पिसांना कसर खाते, कापडाला उजेड खातो, आणि वैशाखात नंदुरबारची धूळ या सगळ्यांना पुरून उरते. या खाणाऱ्यांना हाकलत बसायचं, एवढंच अभिरक्षकाचं काम. हुद्दा मोठा वाटतो, पण मी आणि एक शिपाई मिळून सगळं संग्रहालय होतो.

संग्रह एका व्यापारी घराण्याचा. मूळचे राजस्थानचे, जैन, कापडाची पेढी. त्यांचे आजोबा तरुणपणी चारोळी आणि मोहाची फुलं खरेदी करायला सातपुड्यात फिरायचे आणि येताना काही ना काही उचलून आणायचे. होळीतले मोरपिसांचे टोप, ढोल, फुंकायच्या पावऱ्या, दाण्याच्या कणग्या, आणि देवाच्या ठाण्यावरचे मातीचे घोडे. विकत किती घेतलं आणि नुसतं किती उचललं हे त्यांनी कधी सांगितलं नाही. घरच्यांना हा पसारा नको होता, म्हणून पेढीच्या मागच्या गोदामात संग्रहालय झालं.

आजोबांची नात सोनलताई बडोद्याला कला शिकून आली आणि तिने बक्षीस काढलं. नियम सोपा होता. कलाकाराने संग्रहातली एक वस्तू निवडायची, तिच्यावरून आजचं, स्वतःचं काही तरी करायचं. आधी चित्र काढून कल्पना पाठवायची, त्यातल्या काही निवडल्या जायच्या, मग काम करून आणायचं. ज्याला बक्षीस मिळेल त्याचं काम कायमचं संग्रहालयाचं. शेठजींच्या नातीने स्वतः पैसे घालून जुन्या ढोलांवरून नव्या वस्तू करवून घ्यायच्या, हे पाहून बाजारपेठेत पुष्कळ करमणूक झाली.

आणि मग कलाकार यायला लागले. वस्तू कपाटातून काढून त्यांच्यासमोर ठेवायची, त्यांनी हात लावू नये म्हणून बाजूला उभं राहायचं, हे माझ्याकडे आलं. मातीची वस्तू कधी कानाला किंवा मानेला धरून उचलायची नाही, बुडाखाली दोन्ही हात घालायचे, एवढं सांगायला मला अर्धा दिवस लागायचा. पुण्याच्या एका बाईंना कणगी पाण्याने धुऊन पाहायची होती. शेणाने लिंपलेली कणगी. मुंबईच्या एका मुलाने ढोल वाजवून दाखवा म्हणून हट्ट धरला. मी म्हटलं, कातडं जुनं आहे, टिपरी लागली की फाटेल. तेव्हा त्याने न वाजणाऱ्या ढोलापुढे यंत्र ठेवून त्याचं न वाजणं टेप केलं. त्याला बक्षीस मिळालं. मी ती टेप पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकली आहे. चांगली आहे. माझ्या टेबलावरचा पंखा तिच्यात फार स्पष्ट कुरकुरतो.

आपल्या जिल्ह्यातलं मात्र कोणी येईना. सोनलताईला हे लागायचं. वस्तू इथल्या, आणि त्यांच्यावरून करणारे सगळे रेल्वेने येणारे. मी आठवडी बाजारात जाऊन ओळखीच्यांना सांगून पाहिलं. लोक ऐकून घ्यायचे, चहा पाजायचे आणि आपल्या कामाला लागायचे. त्यांचंही चुकत नव्हतं. घरच्या कणगीवरून दुसरं काय करायचं, तर दुसरी कणगी.

अशात एक दिवस सुकलाल आला. ब्राह्मणपुरीच्या पुढे डोंगराच्या पायथ्याशी कुंभाराची चार घरं आहेत, त्यातला. मडकी, माठ, लग्नाचे कलश आणि डोंगरातल्या देवाचे घोडे हा घरचा धंदा. आमच्या कपाटातला घोडा त्याने काचेतून बराच वेळ पाहिला आणि मला भाग घ्यायचाय म्हणाला. मला इतका आनंद झाला की मी शिपायाला भजी आणायला पाठवलं. पण भजी येण्याआधीच घोडं अडलं.

हे घोडे कसे होतात ते बाहेरच्यांना सांगायला हवं. कोणी तरी देवाकडे काही मागतो. मूल, म्हैस सापडणं, कोर्टातून सुटका, काहीही. याला आमच्याकडे मानता म्हणतात. मागितलेलं मिळालं की तो कुंभाराकडे जाऊन घोडा सांगतो. कुंभार घोडा घडवतो, भाजतो, आणि मग तो डोक्यावरून वर नेऊन देवाच्या ठाण्यावर मोहाच्या झाडाखाली उभा करायचा. तिथे त्याच्यावर छप्पर नाही की कुंपण नाही. ऊन, पाऊस, गुरं, जे होईल ते. काही पावसाळ्यांत घोडा फुटतो, आणि फुटला की म्हणायचं, देवाने घेतला. तोवर मानता फिटली असं कोणी धरत नाही. म्हणून कुंभार हे घोडे मुद्दाम हलके भाजतात. उन्हाळ्यात पाणी प्यायचा माठ आणि देवाचा घोडा यांची भट्टी वेगळी असते.

सुकलालची अडचण ही होती की मानतेशिवाय घोडा घडवतच नाहीत. हौसेचा घोडा, दुकानातला घोडा, नमुन्याचा घोडा असं काही त्यांच्यात नाही.

"मानता नसताना घोडा घडत नही आम्हनाकडे," तो म्हणाला. "मंग मी काय करू?"

मी म्हटलं, मडकं कर. त्याला मडक्यावर बक्षीस नको होतं. भजी खाऊन तो गेला आणि मी तो विषय सोडून दिला.

त्याने सोडला नव्हता. तो डोंगरात गेला आणि त्याने देवापुढे नारळ ठेवून मागितलं, की माझं चित्र निवडलं तर एक घोडा देईन. मग सिमेंटच्या गोणीच्या कागदावर कोळशाने घोडा काढून त्याने आमच्याकडे पाठवला. चित्र निवडलं गेलं. आता घोडा करणं त्याला भागच होतं, आणि करायला मोकळीकही होती. हे त्याने मला सांगितलं तेव्हा मी मनसोक्त हसलो. एवढी चतुराई आमच्या बक्षीस समितीतल्या वकिलांनाही सुचली नसती. पुढचं आम्हा दोघांपैकी कोणाच्याच लक्षात आलं नाही.

घोडा त्याने फार मनापासून केला. हा घोडा टेम्पोतून नंदुरबारपर्यंत यायचा होता, महिनोन् महिने लोकांपुढे उभा राहायचा होता, परीक्षकांचे हात लागायचे होते. म्हणून त्याने मातीत बारीक वाळू जास्त घातली, कापसाच्या पऱ्हाट्यांची मोठी भट्टी लावली, आणि माठापेक्षाही पक्का भाजला. कमरेएवढा उंच, मान ताठ, कान जरा मागे, पोट पोकळ. अंगावर टिचकी मारली की पितळेसारखा आवाज यायचा. मी नोकरीत पुष्कळ मातीकाम पाहिलं आहे. इतकं चांगलं फार थोडं पाहिलं.

बक्षीस त्यालाच मिळालं. मांडव, हार, फोटो, सगळं झालं. जिल्ह्यातला पहिला माणूस म्हणून वर्तमानपत्रवाले आले. सोनलताईचे डोळे भरून आले होते. एकदाचं घोडं गंगेत न्हालं असं आम्ही म्हणत होतो, तेवढ्यात सुकलालची आई भिकूबाई पुढच्या खुर्चीवरून उठली आणि मला विचारू लागली, आता देवाकडे कधी न्यायचा? पावसाच्या आत पोचवायला हवा.

सुकलालचा चेहरा उतरला. त्याने नियम वाचलेला होता. पण बक्षीस आपल्यालाच मिळेल हे त्याने धरलेलं नव्हतं. नाही मिळालं तर प्रदर्शन संपल्यावर घोडा परत, तिथून डोंगरात, असा त्याचा सरळ हिशेब होता. आता घोडा संग्रहालयाचा झाला होता, आणि देवाला कबूल केलेला घोडाही तोच होता.

सोनलताई म्हणाली, तुम्ही देवासाठी दुसरा घोडा करा, खर्च आमचा. भिकूबाईने तिच्याकडे दयेने पाहिलं.

"मानता एक, ते घोडा एक," ती म्हणाली. "दुसरा कोना नावना करशी?"

मग समितीतले ते वकील बोलले, संग्रहातला जुना घोडा देवाला द्या, नवा इथे राहू द्या. त्यांना वाटलं मोठा तोडगा काढला. म्हातारी कपाटाकडे गेली, आतला घोडा पाहिला आणि म्हणाली, "तो ते आधीच दिधेल शे. दिधेल घोडा आखो कसा देतस?" एकदा दिलेला घोडा पुन्हा कसा द्यायचा, हे वकिलांच्या कायद्यात नव्हतं. तो घोडा कोणाच्या तरी मानतेचा, फुटायच्या आत उचलून आणलेला, हे मला माहीत होतं, पण मी त्या बाजूने कधी विचार केलेला नव्हता. मी त्याची धूळ पुसत आलो होतो.

सुकलाल म्हणाला, बक्षीस परत घ्या. ते सोनलताईला नको होतं. एवढ्या वर्षांनी इथल्या माणसाला मिळालेलं बक्षीस परत घेतलं तर पुन्हा कोणी फिरकलं नसतं. तेव्हा मी तोंड उघडलं. संग्रहालयं एकमेकांना वस्तू उसन्या देतात. वस्तू आपलीच राहते, ठेवणारा दुसरा असतो. आपण अधूनमधून जाऊन पाहायचं, काही मोडतोड झाली तर परत आणून दुरुस्त करायची. तसा हा घोडा देवाकडे उसना ठेवू.

सोनलताईला आधी हसू आलं, मग तिने समितीकडून तो ठराव करून घेतला. दर वर्षी पावसाळा संपला की पाहणी करायची आणि ती मी करायची असं ठरलं. सुकलालने दोन्ही हात जोडले. घोडा देवाकडे जातोय म्हटल्यावर पुढचं त्याला ऐकायचंच नव्हतं.

घोडा वर गेला. ठाण्याच्या पुजाऱ्याला पहिल्या पाहणीच्या वेळी कळेना की हा पँटवाला माणूस इतकी चढण चढून काय बघायला येतो. सुकलालने त्याला पावरी बोलीत समजावलं. पुजारी म्हणाला, बघू द्या, देवही बघतोच आहे.

पहिल्या वर्षी घोडा जसाच्या तसा. दुसऱ्या वर्षी थोडं शेवाळ, बाकी काही नाही. मी समाधानाने खाली उतरलो. आसपासचे नंतर आलेले घोडे विरघळून चिखल होत होते आणि आमचा मान वर करून उभा. एकदा एका बैलाने त्याला अंग घासलं. ओरखडा बैलाला आला.

असाच एका वर्षी पाहणी करून उतरताना मी त्यांच्याकडे जेवायला थांबलो. तोवर सुकलाल मला साहेबावरून नाना म्हणायला लागला होता. अंगणात नेहमी एकदोन घोडे वाळत असायचे, ते दिसले नाहीत. माठ होते, कुंड्या होत्या. मी सहज विचारलं. सुकलाल उठून पाणी आणायला गेला. भाकरी वाढता वाढता भिकूबाई बोलली.

"तुम्हना बक्षिसना घोडा देव लेत नही, भाऊ. लोके म्हंतस, सुकलालना हातना घोडा देवले चालत नही."

तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं. डोंगरातली माणसं मानतेचे घोडे सांगायला आता दुसऱ्या गावच्या कुंभाराकडे जात होती. कुंभाराने माठ किती विकले हे कोणी विचारत नाही, पण घोडा त्याच्या हातचा चालतो, ही त्याची इभ्रत. ज्या घोड्याने सुकलालला वर्तमानपत्रात नेलं होतं, त्यानेच घरचं दार बंद केलं होतं. फोटो भिंतीवर होता. सोनलताई, सुकलाल, मी आणि घोडा. म्हातारीला मरायच्या आधी ही मानता फिटलेली पाहायची होती.

मी सुकलालला बाजूला घेऊन म्हटलं, तूच जाऊन एक काठी मार ना. सरकारी भाषेत सांगायचं तर मी संग्रहातल्या वस्तूच्या नासधुशीला चिथावणी देत होतो.

"मी फोडा ते तो मीच फोडा, नाना. देवनी लिधा आसं नही व्हत."

त्यानंतरच्या पाहण्या अवघड झाल्या. आम्ही दोघं त्या झाडाखाली शेजारी उभे राहायचो. तो घोड्याच्या पायाशी वाकून एखादी चीर दिसते का पाहायचा. मीही तेच पाहायचो. चीर नाही म्हटल्यावर मी सुटकेचा श्वास टाकायचो, मग त्याच्याकडे पाहून तो आवरायचो. उतरताना आम्ही कापसाच्या भावावर बोलायचो.

मी निवृत्त झालो. नवा अभिरक्षक शिकलेला आहे, त्याला संगणक येतो, पण डोंगर चढायची हौस नाही. सोनलताई म्हणाली, नाना, घोड्याचं तेवढं तुम्हीच बघा. मीही नाही म्हटलं नाही. गुडघे कुरकुरतात, पण नोकरीतलं एवढंच काम माझ्याकडे उरलं होतं.

मागच्या वर्षी दसऱ्यानंतर गेलो. वरच्या वळणावरून घोड्याची मान दिसते, ती दिसली नाही. सुकलालने पावलं उचलली, मी मागे. मोहाच्या मुळीने खालची जमीन उचलली होती आणि घोडा कुशीवर पडला होता. मान वेगळी, पोट उभं चिरलेलं, आत मुंग्यांनी माती आणून टाकलेली. पाय तेवढे शाबूत होते. सुकलाल खाली बसला. टोपी काढून त्याने मांडीवर ठेवली.

मला वाईट वाटलं. ते लपवत नाही. आमच्या बक्षिसाने जे काही घडवून आणलं त्यातली ही सगळ्यात चांगली वस्तू होती. माझ्या पिशवीत कापूस होता, मऊ फडकी होती. दर वर्षी न्यायचो, कधी लागली नव्हती. फुटण्याच्या कडा स्वच्छ होत्या. माझ्या हाताने जोडला असता तर सांधा शोधून सापडला नसता. सुकलालने एकदा माझ्या पिशवीकडे पाहिलं आणि मान फिरवली. ठरावात काय होतं ते त्याला आता पाठ होतं. घोडा मी खाली नेऊन जोडला असता, तर देवाच्या तोंडातला घास काढून घेतल्यासारखं झालं असतं, आणि त्याच्या हाताला कायमचा बट्टा लागला असता.

टेकाडावर गेल्यावर फोन लागतो. मी सोनलताईला सांगितलं. तिने विचारलं, जोडता येईल का?

मी म्हटलं, येईल, पण जोडू नये. का, ते सांगितलं. अंगणात घोडे नाहीत हेही सांगितलं. इतकी वर्षं मी तिला फक्त घोडा सुस्थितीत आहे एवढंच कळवत आलो होतो, तेवढंच तिने विचारलेलं असायचं. ती म्हणाली, नाना, मला हे कोणी बोललं नाही. मग म्हणाली, राहू द्या तिथेच, समितीचं मी बघते.

मी खाली येऊन सुकलालला म्हटलं, चल, मला भूक लागलीय. पिशवी मी उघडलीच नव्हती. तो उठला, पण निघेना. घोड्याच्या डोक्यावर पडलेली पानं त्याने बाजूला केली, आणि मग माझ्याकडे वळला.

"नाना, तुम्हले काही मांगनं शे का देवजोडे?"

देवाच्या वस्तूंत मी उभा जन्म काढला, पण देवाकडे कधी काही मागितलं नव्हतं. तशी बैठकच नाही माझी. पण त्याच महिन्यात सुरतेला माझ्या बायकोच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. एक डोळा आधीच गेलेला, राहिलेल्यावर डॉक्टर ठाम काही सांगत नव्हता. मी तिला धीर देत होतो आणि रात्री स्वतः जागत होतो. मी चपला काढल्या आणि मागितलं.

ऑपरेशन चांगलं झालं. हात डॉक्टरचा होता, हे मला कळतं. पण बायकोने पट्टी निघाल्यावर पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं, मी फार म्हातारा झालोय म्हणाली, आणि त्यानंतर मी मागितलं होतं हे कळताच तिने मला बसू दिलं नाही.

संक्रांतीनंतर ब्राह्मणपुरीवरून पुढे सुकलालकडे गेलो. अंगणात दोन घोडे वाळत होते, दोन्ही डोंगरातल्या लोकांनी सांगितलेले. घोडा फुटल्याचं सगळीकडे कळलं होतं. भिकूबाई खाटेवर उन्हाला बसली होती. तिने मला ओळखलं, पण उठली नाही, आता उठवत नाही. सुकलाल मातीने भरलेल्या हातांनी पुढे आला. घोडा सांगायला आलोय म्हटल्यावर तो मोठ्याने हसला आणि त्याने विचारलं, "कसा करू, नाना? बक्षिसना घोडासारखा?"

"जरासा कच्चाच भाज, भाऊ," मी म्हटलं.